वाचकांचे प्रश्न : अपघातानंतरची विमानदुरुस्ती, मेकॅनिकची सही आणि नोंदवही

अपघातग्रस्त विमाने पुन्हा उड्डाणयोग्य कशी केली जातात, या विषयावर वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकची जबाबदारी कुठे सुरू होते, कुठे संपते आणि ती कागदावर कशी उतरते. देशोदेशीची कलमे वेगळी असली, तरी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांमुळे मूळ चौकट बरीचशी सारखी आहे. जिथे नेमक्या नियमाचा दाखला द्यावा लागला, तिथे अमेरिकी नियमांचा आधार घेतला आहे, कारण ते तपशीलवार आहेत आणि कोणालाही वाचायला खुले आहेत.

प्रश्न : अपघातानंतर दुरुस्त केलेले विमान अनेक वर्षांनी त्याच जागी निकामी झाले, तर जुन्या दुरुस्तीवर सही करणाऱ्याला जबाबदार धरता येते का? त्या सहीची मुदत कधी संपते?

उत्तर : अमेरिकी नियमावलीतील कलम 43.9 याबाबत फार स्पष्ट आहे. मेकॅनिकची सही म्हणजे विमान पुन्हा सेवेत देण्यास मंजुरी, परंतु ती केवळ केलेल्या कामापुरती. ज्याने पंखाचे टोक दुरुस्त केले, त्याने इंजिनाची हमी दिलेली नसते. नवख्या मेकॅनिकला वाटणारी निम्मी भीती या मर्यादेमुळे दूर व्हायला हरकत नाही. मात्र त्या कामापुरती पाहिली, तर तांत्रिक अर्थाने सहीला मुदत नसते. कारवाईच्या आणि दाव्यांच्या कायदेशीर मुदती देशोदेशी वेगवेगळ्या आहेत. पण दुरुस्ती जोवर विमानात आहे, तोवर तिच्यावरचा भार प्रत्येक उड्डाणात कोणीतरी पेलत असतेच, आणि ते म्हणजे तिथे बसवलेले रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या).

याचे एक उदाहरण पाहा. जपान एअरलाइन्सच्या बोईंग 747 विमानाची शेपटीकडची बाजू 2 जून 1978 रोजी ओसाका येथे उतरताना धावपट्टीवर घासली. केबिनमधील हवेचा दाब पेलणारी मागची घुमटाकार भिंत, म्हणजे प्रेशर बल्कहेड, त्या घसटीत नुकसान पावली होती. उत्पादक कंपनीच्याच पथकाने तिचा खालचा अर्धा भाग बदलला. नवा आणि जुना भाग जिथे जुळले, तिथे एका ठिकाणी कडेला पुरेशी जागा उरली नव्हती, म्हणून मध्ये एक अखंड जोडपट्टी घालण्याची सूचना देण्यात आली. प्रत्यक्षात मात्र अरुंद जोडपट्टी आणि तिच्या शेजारी वेगळी भरणपट्टी बसवली गेली. त्यामुळे रिव्हेटच्या ज्या दोन ओळींनी भार वाटून घ्यायचा, त्यांपैकी एकाच ओळीवर तो सगळा आला आणि जोडाची ताकद ठरल्यापेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाली. जोड पूर्ण झाल्यावर पट्टी अखंड आहे की दोन तुकड्यांची, हे वरून पाहणाऱ्याला सहज कळण्यासारखे नव्हते. विमानाने त्यानंतर बारा हजारांहून अधिक उड्डाणे केली, आणि प्रत्येक उड्डाणात दाब चढण्या-उतरण्याने धातूला थकवा येत गेला. 12 ऑगस्ट 1985 रोजी टोकियोहून ओसाकाला निघालेल्या त्याच विमानाची ही भिंत हवेत फुटली. हवेच्या लोटाने शेपटीचा उभा भाग उडाला, चारही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या आणि विमानातील 524 जणांपैकी 520 जण मृत्युमुखी पडले.

या घटनेचा विचार करताना ‘मेकॅनिक निष्काळजी होता’ एवढ्यावर थांबणे मला अपुरे वाटते. सूचना बरोबर होती, कामही झाले होते, आणि काम झाल्याची नोंदही होती. नव्हती ती एकच गोष्ट : सूचनेत सांगितलेले आणि प्रत्यक्ष बसवलेले एकच आहे का, हे जोड बंद होण्यापूर्वी ताडून पाहणारी नजर. दुरुस्तीच्या कामात ‘झाकण्याआधीची तपासणी’ ही वेगळी पायरी मानावी आणि तिच्यावर वेगळी सही असावी, असा आग्रह धरला जातो तो म्हणूनच. पत्रा एकदा लागला की पुढच्या माणसाला त्याखालचे काही दिसत नाही. त्याच्या हाती उरते ती फक्त नोंद.

प्रश्न : दुरुस्तीनंतर लॉगबुकमध्ये किती लिहावे? आमचे वरिष्ठ म्हणतात, जितके कमी लिहाल तितके कमी अडकाल.

उत्तर : हा सल्ला हँगरमध्ये बराच जुना आहे, आणि माझ्या मते उलटाही आहे. मोघम नोंद लिहिणारा कमी अडकत नाही. त्याने काय केले आणि काय केले नाही, हे सिद्ध करण्याचे साधन तो स्वतःच्या हाताने टाकून देतो.

नियमाची किमान अपेक्षा मोजकी आहे : केलेल्या कामाचे वर्णन किंवा ज्या मान्य तांत्रिक माहितीनुसार काम केले तिचा संदर्भ, काम पूर्ण झाल्याची तारीख, सही करणाऱ्याखेरीज दुसऱ्याने काम केले असल्यास त्याचे नाव, आणि मंजुरी देणाऱ्याची सही, परवाना क्रमांक व परवान्याचा प्रकार. आता दोन नोंदी शेजारी ठेवून पाहू. पहिली अशी : ‘डाव्या पंखाचे नुकसान दुरुस्त केले. विमान उड्डाणयोग्य.’ या नोंदीतून नुकसान किती होते, पत्रा कापला की ठोकून सरळ केला, आतल्या रिबा (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) पाहिल्या की नाही, यांतले काहीच कळत नाही. शिवाय ‘विमान उड्डाणयोग्य’ असे लिहून मेकॅनिकने आपल्या कामापुरती असलेली सही विनाकारण संपूर्ण विमानावर पसरवली आहे.

दुसरी नोंद नमुन्यादाखल अशी असू शकते (तीतला ‘स्पार’ म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य तुळई) : ‘डाव्या पंखाच्या खालच्या पृष्ठभागावरील पत्र्याचा 14 इंच लांबीचा चेपलेला भाग, पुढच्या स्पारच्या मागे, तिसऱ्या आणि चौथ्या रिबेच्या दरम्यान, कापून काढला. उत्पादकाच्या संरचना-दुरुस्ती पुस्तिकेतील अमुक प्रकरण, अमुक आकृती, अमुक तारखेची सुधारित आवृत्ती यांनुसार 2024-टी3 मिश्रधातूच्या 0.032 इंच जाडीच्या पत्र्याचे ठिगळ एमएस20470एडी4 रिव्हेटांनी बसवले. ठिगळ लावण्यापूर्वी दोन्ही रिबा आणि स्पारची कडा भिंगाने तपासली. वाक किंवा तडा आढळला नाही. कापलेल्या कडांना गंजरोधक लेप दिला. वर नमूद केलेल्या कामापुरते विमान सेवेत देण्यास मंजुरी.’ त्यानंतर तारीख, सही, परवान्याचा क्रमांक आणि प्रकार. पुस्तिकेची आवृत्ती लिहिणे अनेकांना किचकट वाटते, पण पुस्तिका बदलत राहतात आणि दहा वर्षांनी कोणी विचारले, तर त्या दिवशी कोणती आकृती समोर होती हे सांगणारी तेवढी एकच खूण असते.

याच उदाहरणात आणखी एक बाब दडलेली आहे. अमेरिकी नियमांनुसार भार पेलणाऱ्या धातूच्या आवरणातील नुकसानाची दुरुस्ती कोणत्याही दिशेने 6 इंचांपेक्षा मोठी असेल, तर ती ‘मोठी दुरुस्ती’ ठरते. अशा कामासाठी तांत्रिक माहिती नुसती मान्य असून चालत नाही, ती अधिकृतपणे मंजूर असावी लागते. तपासणीचा विशेष अधिकार असलेल्या व्यक्तीची संमती लागते. आणि फॉर्म 337, म्हणजे मोठ्या दुरुस्तीची नोंद करणारा सरकारी नमुना, भरून त्याची एक प्रत मालकाला, तर दुसरी विमान सेवेत दिल्यापासून 48 तासांत अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाला पाठवावी लागते. अधिकृत दुरुस्ती केंद्रांना काही अटींवर आपल्या कामाच्या आदेशपत्राने हे भागवता येते. आपली दुरुस्ती छोटी की मोठी, हे कामाला हात घालण्यापूर्वी ठरवावे.

प्रश्न : नोंद अपुरी असल्याने खरोखर अपघात झाल्याचे उदाहरण आहे का, की हा केवळ कागदी बाऊ आहे?

उत्तर : केवळ नोंद अपुरी आहे म्हणून विमान कोसळत नाही, हे खरे आहे. अपुऱ्या नोंदीमुळे चुकीचे काम सापडायचे राहून जाते. चायना एअरलाइन्सच्या बोईंग 747 विमानाची शेपूट 7 फेब्रुवारी 1980 रोजी हाँगकाँगला उतरताना घासली होती. आधी तात्पुरती दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात कायमची. ओरखडे ठरलेल्या मर्यादेपेक्षा खोल असतील, तर तेवढा पत्रा कापून काढावा किंवा बदलावा, असे दुरुस्ती-पुस्तिका सांगत होती. इथे ओरखडलेला पत्रा तसाच ठेवून त्याच्यावर ठिगळ बसवण्यात आले. नोंदीत मात्र पुस्तिकेनुसार दुरुस्ती केल्याचे लिहिले होते, आणि काम प्रत्यक्षात कोणत्या टप्प्यांनी झाले याचा तपशीलवार दाखला पुढे चौकशी करणाऱ्यांना मिळाला नाही. ठिगळाखाली ओरखड्यांपासून निघालेले तडे बाहेरून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. 25 मे 2002 रोजी तैपेईहून हाँगकाँगला जाणारे हे विमान पेंगू बेटांजवळ हवेतच फुटले आणि सर्व 225 जणांचा अंत झाला.

या प्रकरणातील एक तपशील फारसा सांगितला जात नाही. अपघाताच्या काही महिने आधी, नोव्हेंबर 2001 मध्ये, जुन्या विमानांवरील ठिगळांच्या मूल्यमापनाची तयारी म्हणून या विमानावरील ठिगळांची छायाचित्रे घेण्यात आली होती. त्यांत या ठिगळाच्या कडेला तपकिरी डाग दिसत होते. केबिनमध्ये धूम्रपानाला परवानगी असतानाच्या काळातील धुराचे अंश आतल्या हवेबरोबर फटीतून बाहेर झिरपल्याने असे डाग पडतात. ते कुठून आले, हा प्रश्न कोणी विचारला असता, तर ठिगळ काढून पाहिले गेले असते. परंतु ज्याच्यासमोर ‘पुस्तिकेनुसार दुरुस्त’ एवढीच ओळ आहे, त्याच्या मनात शंका यावी तरी कशी? पुस्तिकेचा हवाला हा केलेल्या कामाचे वर्णन म्हणून तेव्हाच पुरेसा असतो, जेव्हा काम खरोखर तंतोतंत त्या पुस्तिकेप्रमाणे झालेले असते.

प्रश्न : चुकीच्या दुरुस्तीबद्दल मेकॅनिकला तुरुंगवास होऊ शकतो का?

उत्तर : देशाच्या कायद्यावर ते अवलंबून आहे. 25 जुलै 2000 रोजी पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड कोसळून 113 जण मरण पावले. धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीवरून कॉन्कॉर्डचे चाक गेले, टायर फुटला आणि त्यातून आगीची मालिका सुरू झाली. ती पट्टी त्याआधी उड्डाण केलेल्या कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सच्या विमानाच्या इंजिनावरून पडली होती, आणि ती बनवताना व बसवताना उत्पादकाची पद्धत पाळली गेली नव्हती, असा चौकशीचा निष्कर्ष होता. 2010 मध्ये फ्रेंच न्यायालयाने ती बसवणाऱ्या मेकॅनिकला दोषी ठरवून निलंबित शिक्षा सुनावली. 2012 मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली. एका पट्टीतून असा शेवट होईल याची कल्पना त्याला करता आली नसती, असा त्यामागचा विचार होता. कंपनीची दिवाणी जबाबदारी मात्र न्यायालयाने कायम ठेवली.

हे निवाडे आणि अपघाताची तांत्रिक चौकशी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या परिशिष्ट 13 प्रमाणे चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा असतो, दोष वाटणे नव्हे. त्यामुळे चौकशी अधिकाऱ्याला मोकळेपणाने सांगितलेली गोष्ट आणि पोलिसांपुढे दिलेला जबाब यांतला फरक प्रत्येक मेकॅनिकने ओळखला पाहिजे, आणि दुसऱ्या प्रसंगी वकिलाचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

प्रश्न : आमच्या देखभालीतील विमानाला अपघात झाला, तर आम्ही ताबडतोब ते हलवून दुरुस्ती सुरू करू शकतो का?

उत्तर : नाही. चौकशी यंत्रणेने ताबा घेऊन मोकळीक देईपर्यंत विमान, त्यातील सामान आणि सर्व नोंदी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी विमान चालवणाऱ्यावर असते. अडकलेल्या किंवा जखमी माणसांना बाहेर काढणे, अवशेषांचे आणखी नुकसान टाळणे आणि लोकांना इजा होऊ न देणे, एवढ्याच कारणांसाठी अवशेष हलवता येतात, आणि तेही शक्य असल्यास आधी रेखाटन, टिपणे व छायाचित्रे करून. लॉगबुकच्या बाबतीत मोह अधिक असतो. मागच्या आठवड्यातील एखादे काम लिहायचे राहिले असेल, तर ते मागच्या तारखेने घुसडू नये. खोट्या वा फसव्या नोंदीसाठी परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. उशिराची नोंद ही उशिराचीच म्हणून, आजच्या तारखेने, स्वतंत्र कागदावर लिहून चौकशी अधिकाऱ्याकडे द्यावी.

प्रश्न : जमिनीवर चालवताना प्रोपेलरचे टोक एका अडथळ्याला लागले. पाते किंचित वाकले, इंजिन नंतरही सुरळीत चालले. पाते बदलून विमान द्यायला हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे. अमेरिकेच्या चौकशी नियमांत जमिनीवर प्रोपेलरच्या पात्यांना झालेले नुकसान हे ‘मोठ्या नुकसानात’ मोजले जात नाही, त्यामुळे अशी घटना बहुधा अपघात म्हणून नोंदलीही जात नाही, आणि इथेच लोक फसतात. कायद्याच्या दृष्टीने अपघात नसलेली घटना इंजिनाच्या दृष्टीने मोठी असू शकते. लायकोमिंगच्या इंजिनांसाठी 2004 सालचा एक बंधनकारक उड्डाणयोग्यता आदेश आहे, आणि त्यानुसार अशी धडक बसल्यावर इंजिनाच्या मागच्या भागातील क्रँकशाफ्टचा (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचा) गिअर काढून त्याचा बोल्ट, स्थाननिश्चिती करणारी खुंटी आणि शाफ्टमधील खाच तपासावी लागते. धडकेची व्याख्याही व्यापक आहे : इंजिन चालू असो वा बंद, पात्यांच्या किरकोळ घासाईपलीकडे प्रोपेलरला दुरुस्ती लागली, तर ती धडकच. गिअरला धरून ठेवणारा तो बोल्ट उड्डाणात तुटला, तर इंजिनातील झडपा आणि मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारे यंत्र) दोन्ही एका क्षणात थांबतात. धडकेची तारीख, केलेली तपासणी आणि आदेशाचा क्रमांक ही नोंद प्रोपेलरच्या वहीत आणि इंजिनाच्या वहीत, दोन्हीकडे असावी. नाहीतर पाते बदलून गेल्यावर इंजिनाला धक्का बसला होता, हे कोणालाच कळणार नाही.

प्रश्न : मालक म्हणतो, लॉगबुकात ‘अपघात’ हा शब्द नको, विक्रीची किंमत पडते. मी काय करावे?

उत्तर : मालकाचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. अमेरिकी नियम मेकॅनिकला कामाचे वर्णन लिहायला सांगतात. नुकसान कशामुळे झाले, हे लिहिण्याची सक्ती करत नाहीत. ‘अपघात’ हा शब्द तुम्ही टाळू शकता. पण 14 इंच पत्रा कापला असेल, तर ‘किरकोळ पत्राकाम’ असे लिहिता येणार नाही. मालक अडून बसला, तर काम करून सही न देण्याचा पर्याय तुमच्याकडे आहे, आणि सही नसलेले विमान मालकाला उडवता येत नाही. विमान उड्डाणयोग्य स्थितीत ठेवण्याची प्राथमिक जबाबदारी मालकाची किंवा चालवणाऱ्याची आहे, असे कलम 91.403 सांगते, ते त्याला एकदा शांतपणे वाचून दाखवावे. वाद टाळण्यासाठी काम स्वीकारतानाच लेखी आदेशपत्रात नुकसानाचे स्वरूप आणि छायाचित्रे नोंदवून मालकाची सही घेतलेली बरी.

प्रश्न : मी शिकाऊ आहे. काम मी करतो, सही वरिष्ठ करतात. चूक झाली तर जबाबदार कोण?

उत्तर : सही करणारा, आणि तुम्हीही. परवाना नसलेली व्यक्ती परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करू शकते. पण ती देखरेख प्रत्यक्ष असावी लागते, आणि विचारायला तो जागेवर उपलब्ध असावा लागतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला बसून फोनवर दिलेली देखरेख ही देखरेख नव्हे. नोंदीत तुमचे नाव यायला हवे. ते नसेल तर मागून घ्यावे.

पाळी बदलताना अर्धवट राहिलेल्या कामाचे काय होते, ते 11 सप्टेंबर 1991 रोजी टेक्सासमध्ये दिसले. कॉन्टिनेन्टल एक्सप्रेसच्या एम्ब्राएर 120 विमानाच्या शेपटीच्या आडव्या पंखाच्या डाव्या पुढच्या कडेवरील वरच्या बाजूचे 47 स्क्रू आधीच्या पाळीने काढले होते. ही बाब पुढच्या पाळीपर्यंत पोहोचली नाही, विमान सकाळी सेवेत गेले आणि उड्डाणात ती कडा सुटून 14 जण ठार झाले. काढलेले स्क्रू त्या पाळीतल्या माणसांना ठाऊक होते. पुढच्यांना ते स्पष्ट सांगणारी लेखी नोंद नव्हती. चौकशी मंडळाचे सदस्य जॉन लॉबर यांनी त्या अहवालाला भिन्न मत जोडून, कंपनीच्या वरिष्ठांनी सुरक्षिततेची शिस्त रुजवली नाही याला मूळ कारणांत स्थान दिले पाहिजे, असे मांडले. मला त्यांचे म्हणणे पटते. अमक्याने स्क्रू काढले, एवढ्यावर चौकशी संपवणे सोपे असते. तुमच्यापुरते सांगायचे, तर पाळी संपताना काढलेला प्रत्येक भाग कार्डावर लिहा, स्क्रू पिशवीत घालून त्यावर जागा लिहा आणि कार्ड पुढच्या माणसाच्या हातात द्या, टेबलावर ठेवू नका.

प्रश्न : जुने विमान विकत घेतले. अपघात झाल्याचे ऐकले आहे, पण त्या काळातील लॉगबुक हरवले आहे. आता काय?

उत्तर : अमेरिकेत नोंदलेले विमान असेल, तर मोठ्या दुरुस्त्यांचे फॉर्म 337 ओक्लाहोमा सिटी येथील प्रशासनाच्या दप्तरात विमानाच्या नोंदणी क्रमांकानुसार मिळतात, पहिला अर्ज तिकडे करावा. इतर देशांत नोंदणी कार्यालय आणि पूर्वीचे दुरुस्ती केंद्र यांच्याकडे विचारणा करावी. येथे नियमातली एक उणीव लक्षात ठेवावी : सर्वसाधारण दुरुस्तीच्या नोंदी मालकाने ते काम पुन्हा होईपर्यंत किंवा एक वर्ष जपाव्यात, एवढीच अमेरिकी नियमाची अट आहे, आणि ठिगळ तर तीस वर्षे राहते. म्हणून कागद सापडला नाही याचा अर्थ दुरुस्ती झाली नाही असा होत नाही, आणि कोणी नियम मोडला असाही होत नाही. कागद न मिळाल्यास संशयित जागेवरील ठिगळ काढून आतील पत्रा एडी करंट पद्धतीने (विद्युत प्रवाहाच्या साहाय्याने लपलेले तडे शोधून) तपासून घ्यावा. विक्रेत्याशी किमतीची अंतिम बोलणी त्या तपासणीनंतर करावीत, आधी नव्हे.